मानवी अनुभव आणि ईश्वराचे आकलन : टिळक दांपत्य व पंडिता रमाबाई यांच्या लेखनाच्या आधारे एक विचार

सारांश

मनुष्याच्या अनुभवातून ईश्वराचे ज्ञान होऊ शकते का, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. युरोपीय तत्त्वचिंतनात त्याची चर्चा विपुल झाली आहे. तथापि मराठी ख्रिस्ती साहित्यात हाच प्रश्न सिद्धांताच्या रूपाने न येता जगण्याच्या रूपाने आलेला दिसतो. प्रस्तुत निबंधात रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या लेखनाचा या दृष्टीने विचार केला आहे. मानवी अनुभव ईश्वराचे चित्र पुरवतो त्यापेक्षा ईश्वराविषयीची चुकीची चित्रे मोडण्याचे काम अधिक करतो, आणि त्याची कसोटी माणसामाणसांतील व्यवहारात लागते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अनुभव, ईश्वरज्ञान, मराठी ख्रिस्ती साहित्य, 'स्मृतिचित्रे', धर्मांतर, आत्मचरित्र.

१. प्रस्तावना

ठाणे व कल्याण या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी असलेला संबंध फार जुना आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवासी लेखकाने 'कल्लियाना' येथे बिशप असल्याचे नमूद केले असून हे स्थळ म्हणजे आजचे कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना आपल्या श्रद्धेसाठी प्राण गमवावे लागले. ठाणे परिसरातील ईस्ट इंडियन समाज आजही आपल्या मराठी बोलीत प्रार्थनागीते व लग्नगीते गातो. १९८८ साली कल्याणच्या नावाने सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या या नगरांत आज मराठी, कोकणी, मल्याळी व तमिळ भाषक ख्रिस्ती एकमेकांच्या शेजारी राहतात. त्यांची उपासना एकाच ईश्वराची असली, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या अनुभवाच्या वाटा एकसारख्या नाहीत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, मराठी ख्रिस्ती कवितेचे प्रमुख शिल्पकार ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांचे बालपणीचे काही शिक्षण कल्याणातच झाले. पंडिता रमाबाईंच्या समकालीन व नात्यातील आनंदीबाई जोशी यांचे नावही कल्याणशीच निगडित आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या परिसराला परका नाही.

महाविद्यालयातील मराठीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना बहुधा तिच्या शैलीचा, विनोदाचा व स्त्रीजीवनाच्या चित्रणाचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु हा ग्रंथ ईश्वराविषयी काय सांगतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ती उणीव काही अंशी भरून काढणे, हा या निबंधाचा हेतू आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे आढळतात. एका मतानुसार मनुष्य हा ईश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला असल्याने त्याच्या जीवनातील प्रेम, वात्सल्य, न्यायबुद्धी यांवरून ईश्वराची काही कल्पना करता येते. पित्याचे ममत्व, आईने दिलेला धीर, पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी अशा उपमा बायबलमध्येच आहेत. श्लायरमाखर याने १७९९ मध्ये धर्माचे मूळ बुद्धीत किंवा नीतीत नसून अंतःकरणाच्या प्रत्ययात आहे, असे मांडून या मताला आधुनिक रूप दिले. विल्यम जेम्स याने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत धार्मिक अनुभवांच्या विविध प्रकारांचे मानसशास्त्रीय विवेचन केले.

दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. मनुष्याचे विचार व ईश्वराचे विचार यांत आकाश-पृथ्वीचे अंतर असल्याची जाणीव यशया संदेष्ट्याने दिलीच होती. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने निर्माता व निर्मित यांच्यात कितीही साम्य दाखवले तरी त्याहून अधिक भेद मानावाच लागेल, असे ठरवले. विसाव्या शतकात कार्ल बार्थ याने एमिल ब्रुनर याला १९३४ मध्ये दिलेल्या उत्तराचे शीर्षकच 'नाही!' असे होते. मनुष्याच्या अनुभवापासून निघालेली वाट ईश्वरापाशी न पोहोचता मनुष्यापाशीच परत येते, हे त्याचे म्हणणे होते. या भीतीला कारणही होते. फॉयरबाख याने १८४१ मध्येच ईश्वर म्हणजे मनुष्याने आपल्याच गुणांचे आकाशावर टाकलेले प्रतिबिंब होय, असा सिद्धांत मांडला होता. अनुभवालाच प्रमाण मानले, तर फॉयरबाखला उत्तर देणे कठीण होते.

मराठी भाषेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे 'अनुभव' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ज्ञानदेवांच्या ग्रंथाला 'अनुभवामृत' हे नाव पडले, तेव्हा त्या शब्दाने आत्मप्रत्यय सुचवला होता. उलट 'मला चांगलाच अनुभव आला' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा व्यवहारातला एखादा चटका अभिप्रेत असतो. एक अनुभव समाधीचा, तर दुसरा संसाराचा. ईश्वराच्या आकलनाला यांपैकी कोणता अनुभव उपयोगी पडतो? टिळक पतिपत्नींच्या लेखनातील फरक या प्रश्नाच्या प्रकाशात विशेष स्पष्ट होतो.

३. टिळकांची कविता : माउली या प्रतिमेचा अर्थ

टिळकांचा ख्रिस्ताकडील प्रवास सर्वश्रुत आहे. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग व कीर्तन ही माध्यमे टाकून दिली नाहीत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा राजा किंवा न्यायाधीश यापेक्षा गुरू व माउली म्हणून अधिक जवळचा होतो.

ही माउलीची प्रतिमा वारकरी परंपरेतून आली, हे उघड आहे. परंतु तेवढ्याने तिचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. टिळकांचे वडील तापट होते, तर आईवर त्यांचा जीव होता, असे त्यांच्या चरित्रांवरून दिसते. आई लहानपणीच गेली आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. ख्रिस्ती प्रार्थनेचा पहिलाच शब्द 'पिता' असा आहे. ज्याच्या वाट्याला पित्याचा धाकच अधिक आला, त्याला या शब्दाने काय जाणवावे? येथे अनुभव ईश्वराच्या आकलनास साहाय्य करण्याऐवजी अडथळा ठरू शकतो. टिळकांनी पिता हा शब्द नाकारला नाही. पण त्याच्या शेजारी माउली हा शब्द आणून ठेवला, असा याचा अर्थ लावता येईल. हा अन्वयार्थ आहे, चरित्रात नोंदलेले विधान नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

या कृतीचे मोल लक्षात घेण्याजोगे आहे. 'आई अशी असते म्हणून ईश्वर असा आहे' एवढेच टिळक म्हणत असते, तर फॉयरबाखचा आक्षेप त्यांना लागू पडला असता. परंतु त्यांना आई लाभली, तशी ती हरवलीही. त्यांच्या माउलीत स्मृती जितकी आहे तितकीच उणीव आहे. माणसाची आई मरते, ही माउली सोडून जात नाही. म्हणजे प्रतिमेचा आधार अनुभव असला, तरी तिचा रोख अनुभव जेथे संपतो त्याच्या पलीकडे आहे. साम्य दाखवत असतानाच भेद सांगणारी अशी ही प्रतिमा असल्यामुळे लॅटरन परिषदेचे तत्त्व ती अभंगाच्या घाटात सहज सांभाळते.

या ठिकाणी एका पूर्वसूरीचे स्मरण करणे उचित ठरेल. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी हा छंद आणि पुराण हा घाट स्वीकारला व वैकुंठासारखे शब्द ख्रिस्ती आशयासाठी योजले. भाषा हाही पिढ्यांनी साठवलेला अनुभवच असतो. तो वर्ज्य मानून ईश्वराविषयी मराठीत एक वाक्यही उच्चारता आले नसते.

४. 'स्मृतिचित्रे' : संसाराच्या अनुभवाची कसोटी

टिळकांच्या कवितेत पहिल्या अर्थाचा अनुभव आहे, तर लक्ष्मीबाईंच्या (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे'त दुसऱ्या अर्थाचा. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात ईश्वराविषयी सिद्धांत जवळजवळ नाहीत. आहे तो संसार : पैशाची ओढाताण, आजारपणे, भांडणे, समेट आणि या सर्वांवर पसरलेला निर्मळ विनोद.

लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याच्या छायेत गेले. त्या सोवळ्यापायी घरातल्या बायकामुलांची जी दैना होई, तिचे वर्णन त्या हसत हसत करतात. पण वाचकाला त्यामागील ताण जाणवल्यावाचून राहत नाही. येथे ईश्वराची एक प्रतिमा गृहीत आहे. स्पर्शाने विटणारा, पाण्याने प्रसन्न होणारा असा तो देव आहे. ही प्रतिमा कोणी लक्ष्मीबाईंना ग्रंथातून शिकवली नव्हती. घरातील रोजच्या व्यवहाराने ती त्यांच्या मनावर ठसवली होती. म्हणजे अनुभव खोटा देवही शिकवू शकतो, ही बाब बार्थच्या पक्षात जमा करावी लागेल.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर ही स्त्री पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाली नाही. काही वर्षे ती दूर राहिली आणि पतीजवळ आल्यावरही तिने आपले सोवळे काही काळ सांभाळले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. या मधल्या काळात तिचे मन वळवण्याचे श्रेय पतीच्या युक्तिवादाला किंवा मिशनच्या उपदेशाला देता येत नाही. निर्णायक ठरली ती जातिभेदाविषयी तिला स्वतःला आलेली जाणीव. उच्चनीचता ईश्वराने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हे एकदा मनाने घेतल्यावर तिने कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. ख्रिस्तावरील श्रद्धा तिच्या आयुष्यात त्यानंतर आली.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी सिद्धांत आणि मग आचार, असा आपला समज असतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी पाण्याचा पेला आला, ईश्वर नंतर. अनुभवाने त्यांना ईश्वर कसा आहे हे सांगितले नाही. ईश्वर कसा नाही, हे मात्र निश्चित सांगितले. विटाळणारा देव मोडला तेव्हाच दुसऱ्या देवासाठी जागा झाली. दिसणाऱ्या बंधूवर प्रेम न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रेम करू शकत नाही, ही योहानाच्या पत्रातील कसोटी त्यांनी वाचण्यापूर्वीच जगून पाहिली होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

'स्मृतिचित्रे'चे आणखी एक कार्य आहे. टिळक उदार होते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी परतणे त्यांच्या स्वभावातच होते. भक्तचरित्रांत अशा प्रसंगांचा गौरव होतो. लक्ष्मीबाई मात्र तेच प्रसंग चुलीजवळून पाहतात. घरात पीठ नाही आणि पती दानधर्म करून आले आहेत, ही परिस्थिती त्या रंगवतात, तेव्हा वाचक हसतो. पण त्या हसण्यात एक धर्मशास्त्रीय प्रश्न दडलेला असतो. एकाच्या त्यागाची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर तो त्याग कोणाचा? समाधीच्या अनुभवाला संसाराच्या अनुभवाने विचारलेला हा प्रश्न आहे. त्यात कडवटपणा नाही, कारण पतीच्या ईश्वरनिष्ठेविषयी त्यांना शंका नाही. परंतु त्या निष्ठेला त्या डोळे मिटून वंदनही करत नाहीत.

त्याच लक्ष्मीबाई अहमदनगरच्या प्लेगच्या छावणीत रुग्णांची सेवा करताना दिसतात. स्पर्शाची भीती ज्या घरात शिकवली गेली, त्या घरातली मुलगी येथवर आली, हा प्रवास कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलका आहे. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यामागे हा सारा संसार उभा होता.

५. पंडिता रमाबाई : ग्रंथ आणि अनुभव यांचे नाते

अनुभवाला एवढे महत्त्व दिल्यास धर्मग्रंथाचे स्थान काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात सापडते.

रमाबाईंचे आईवडील व बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले. देवांची व्रते, दाने व तीर्थयात्रा करूनही हे घडले, याची खोल जखम त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलम येथे या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करत. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. या दयेचे मूळ त्यांनी विचारले तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. येथे फुलमचा अनुभव नसता तर ती कथा एक जुनी गोष्ट राहिली असती. आणि कथा नसती तर तो अनुभव केवळ परोपकाराचे एक उदाहरण ठरला असता. ग्रंथाने अनुभवाला अर्थ दिला आणि अनुभवाने ग्रंथाला साक्ष दिली.

परंतु याच वाँटेजच्या भगिनींशी रमाबाईंचा पुढे मोठा वाद झाला. १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात त्याचे दर्शन घडते. त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक बाबतींत आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. एका परंपरेच्या अधिकारातून मोठी किंमत देऊन सुटलेली स्त्री दुसऱ्या परंपरेचा अधिकार विचार न करता स्वीकारणार नव्हती. पुढे त्यांनी असेही लिहिले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो काही वर्षांनंतर. स्वतःच्याच पूर्वीच्या अनुभवाला अपुरा म्हणण्याचे हे धैर्य अनुभववादाच्या टीकाकारांनी लक्षात घ्यावे. खरा अनुभव स्वतःला अंतिम मानत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची वाढ त्यातून झाली. भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्यात घालवली. अनुभवाने ग्रंथाची गरज संपत नाही, हे सांगणारा याहून मोठा पुरावा कोणता असेल?

६. दोन आक्षेप

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, समान अनुभवातून भिन्न निष्कर्ष निघतात. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. बालविवाह, कोवळ्या वयातील अपत्यवियोग, शिक्षणासाठी सोसलेली निंदा हे सारे त्यांच्या वाट्याला आले. त्यांना ख्रिस्ती मिशनऱ्यांचा व ख्रिस्ती कुटुंबाचा सहवासही लाभला. तरीही अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले व ते पाळले. १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदान समारंभास स्वतः रमाबाई फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. दोघींच्या दुःखाची जात एक, निष्ठा वेगळ्या. यावरून अनुभव ख्रिस्ती श्रद्धा सिद्ध करतो, असे कोणालाही म्हणता येणार नाही. आपण तसे म्हणतही नाही. अनुभव श्रद्धावंताला समज देतो. अश्रद्धाला पुरावा देत नाही. हा भेद न पाळल्यास दुसऱ्याच्या दुःखाचा धर्मप्रचारासाठी उपयोग करण्याचा मोह होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो म्हणजे, कोणाचा अनुभव? वर उल्लेखिलेली तिन्ही माणसे ब्राह्मण कुटुंबांत जन्मली. महाराष्ट्रातील, विशेषतः अहमदनगर भागातील, ख्रिस्ती समाजात मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांचा आहे. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा पेला स्वीकारला ही मोठी गोष्ट खरी. पण ज्याच्या हातचे पाणी शतकानुशतके नाकारले गेले, त्याला ईश्वर कसा दिसला असेल? हा प्रश्न अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूर येथील व्याख्यानात ऐरणीवर आणला आणि त्यातून दलित ईश्वरविद्येची वाट निघाली. दलितांची वेदना हीच ईश्वराच्या आकलनाची सुरुवात मानावी, ही त्यांची भूमिका होती. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत ख्रिस्ती अनुभव म्हणजे टिळक दांपत्य एवढाच अर्थ रूढ असेल, तर तो आपल्या वाचनाचा संकोच आहे.

७. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मानवी अनुभव ख्रिस्ती व्यक्तीस ईश्वर समजून घेण्यास साहाय्य करतो, मात्र हे साहाय्य मुख्यतः निषेधात्मक आहे. ईश्वराविषयीच्या खोट्या कल्पना तो मोडून काढतो.

२) अनुभव खोटी प्रतिमाही घडवू शकतो. म्हणून ग्रंथ व अनुभव यांनी एकमेकांना तपासत राहणे आवश्यक आहे. रमाबाईंचे जीवन याचे उत्तम उदाहरण होय.

३) भक्तीच्या उत्कट अनुभवाला संसाराच्या साध्या अनुभवाची कसोटी लागते. टिळकांची कविता 'स्मृतिचित्रे'च्या सोबत वाचली असताच पूर्ण समजते.

४) अनुभवाची सत्यता त्याच्या उत्कटतेवर नव्हे, तर त्यातून माणसांमाणसांतील व्यवहार किती बदलतो यावर ठरते.

५) कोणाचा अनुभव ग्राह्य धरायचा हा प्रश्न टाळून ईश्वराच्या आकलनाचा विचार पूर्ण होत नाही.

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना विद्यार्थी हसतात, तेव्हा ते हसू थांबवण्याचे कारण नाही. मात्र ते ओसरल्यावर एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा : या बाईने कोणत्या देवाला सोडले आणि कशामुळे? त्याचे उत्तर देण्यासाठी ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नाही. आपल्या घरातील पाण्याच्या पेल्याकडे एकदा नीट पाहिले तरी पुरे.